हँडल

वडील हेड्या होते, खरसुंडीच्या बाजारातले.
रुमालाखाली बोटं धरून बैल ठरवायचे.
सांगायचे, कौतुक जमेल तेवढं कर,
दात मात्र लपवू नकोस.
मी बैल सोडले. जीपा धरल्या.

मोरगिरीच्या वर, जिथं डांबर संपतं
आणि चाकोरीच्या मधोमध गवत उभं राहतं,
तिथं हैबती शेडग्यांच्या गोठ्याला टेकून ती होती.
दोन चाकं मातीत गेलेली,
बॉनेटवर शेणी वाळत घातलेल्या,
स्टिअरिंगला कोंबडीची दोरी.
मी वाकलो, चासी नंबर थुंकीनं पुसला
आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.
चौदा वर्षांत एवढंच तर शिकलोय.

"भंगारवाला किलोनं मागतोय," नाना म्हणाले.
"मी नगानं घेतो," मी म्हणालो.
साठ हजार.
त्यांना वाटलं, जरा जास्तच झाले.
चहा दुसऱ्यांदा टाकायला सांगितला.

मग बोलत राहिले, मागच्या सीटवर हात ठेवून.
वीस वर्षं वडाप केलं, पाटण ते वर,
तेरा माणसं आत, दोन मडगार्डवर.
"हितं तिघं जन्मली. एक गेला.
गेला त्येचं भाडं घेतलं न्हाई."
मी मान हलवली. डोक्यात
हाफ शाफ्टचा हिशेब चालला होता.

निघताना ते आत गेले
आणि गोणपाटात गुंडाळलेलं हँडल घेऊन आले,
मूळचं, कंपनीचा शिक्का असलेलं, तेल लावून ठेवलेलं.
"गाडीबरूबर जायाला पायजे. ह्येचं काय घ्याचं?"

ओगलेवाडीच्या शेडमध्ये पाच महिने.
खोटं कशाला बोलू, घाम माझाच होता.
किंगपिन, लायनर, पुढचं डिफरन्शियल नागपूरहून,
हूडचं कापड मिरजेच्या शिंप्याकडून, तीनदा उसवून.
पॉलिश पेपर मारताना रंग निघत गेले,
पांढरा, मग निळा, मग परत पांढरा,
मागच्या फळीवर कुणीतरी ब्रशनं काढलेलं
"चला पाटण".
त्यावर मी मिलिटरी हिरवा मारला.
बॉनेटवर चांदणी काढली.
पुण्याचा माणूस म्हणाला, "आर्मीची का?"
मी हो म्हणालो नाही.
चांदणीकडे बघून हसलो.
सहा लाख ऐंशी.

खर्च वजा करा, तुम्हीच करा.
मी बऱ्याच रात्री केलाय
आणि दर वेळी मी बरोबर निघतो.
मी गेलो नसतो तर ती वितळली असती,
तिचे खिळे झाले असते, कुणाच्या तरी पत्र्याला.
भाव सांगणं हे काय घेणाऱ्याचं काम आहे?

पण रुमालाखाली निदान दोघांची बोटं असतात.
तिथं माझीच होती, पाचही.
नाना वरून रुमालाची नक्षी बघत होते.

हँडल मी गाडीबरोबर दिलं नाही.
सेल्फ नवा बसवला होता, गरज काय.
कोल्हापूरच्या एका हॉटेलात ते भिंतीला आहे.
नऊ हजार.
त्याच्याखाली बसून लोक पांढरा रस्सा ओरपतात.

परवा नानांचा फोन आला.
वाटलं, कुणीतरी भाव सांगितला.
शिव्या ऐकायला पोरांसमोरून बाहेर गेलो,
रुळांच्या बाजूला, बाभळीखाली.
"गिऱ्हाइकाला सांगायचं ऱ्हायलं बघा," ते म्हणाले.
"हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठिवायचा.
उलटा झटका देती ती. माझा दोनदा मोडलाय."
"सांगतो," मी म्हणालो.
"आन् दुसरा गियर..."
रेंज गेली. त्यांची की माझी, कळलं नाही.
मी परत लावला नाही.

जतहून आणलेली एक आहे आता शेडमध्ये.
उद्या तिचा मालक उरलेले पैसे न्यायला येणार.
अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून
मी नोटा मोजून बघतो.
जमत नाही.